वेलिंग्टनची चित्रे आणि आपला गाविलगड

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही मित्र नांदगाव खंडेश्वरहून एस.टी.ने अमरावती-परतवाडामार्गे चिखलदऱ्याला गेलो व गाविलगड पाहिला. दिल्ली दरवाज्यावर कोरलेला दोन तोंडांचा गंडभेरुंड न्याहाळताना एकाने विचारले, "हा गड घेणारा वेलस्ली दिसायला कसा होता?" उत्तर ग्रंथालयात सहज सापडले, पण त्यानेच मन अस्वस्थ झाले.

आर्थर वेलस्ली म्हणजे १८१५ साली वॉटर्लूवर नेपोलियनला हरविणारा आणि पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्याच्या कीर्तीचा पाया मात्र आपल्या मुलखात घातला गेला. १८०३ साली असईच्या लढाईनंतर त्याने २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातील अडगावजवळ नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला.

पुढच्याच वर्षी, १८०४ मध्ये, हिंदुस्थानात राहणाऱ्या रॉबर्ट होमने त्याचे चित्र रंगविले. गाविलगड पाहिलेला वेलस्ली तो हाच. १८१२ साली माद्रिदमध्ये गोयाने काढलेला वेलिंग्टन वेगळा आहे. छातीवर मानचिन्हे आहेत, पण डोळ्यांत विजयाचा उन्माद नाही, थकवा आहे. नवे मानसन्मान मिळाल्यावर तेही या चित्रात मागाहून भरावे लागले! गोयाच्याच अश्वारूढ चित्राची क्ष-किरणांनी तपासणी केली, तेव्हा रंगाखाली दुसऱ्याच माणसाचे चित्र निघाले. घोडा तोच, स्वार बदललेला! टॉमस लॉरेन्सने मात्र हाताची घडी घातलेला, निश्चल वीर उभा केला. उलट १८२७ च्या एका व्यंगचित्रात विल्यम हीथने बुटावर नुसते त्याचे डोके बसविले. ग्लासगोतील त्याच्या अश्वारूढ पुतळ्याच्या डोक्यावर तर लोक रस्त्यावरचा शंकू टोपीसारखा चढवितात.

माणूस एक, रूपे अनेक. चित्र हा आरसा नव्हे. चित्रकाराची नजर, मालकाची इच्छा आणि काळाची गरज यांचा तो करार असतो, हे मला यातून उमगले.

मुंबईतही १८६५ साली त्याच्या स्मरणार्थ कारंजे उभारले गेले. आणि गाविलगडचा किल्लेदार बेनीसिंग? तो शरण न जाता दरवाज्यापाशी लढता लढता पडला. त्याचे त्या काळचे एकही चित्र माझ्या पाहण्यात आले नाही. जिंकणाऱ्याजवळ चित्रकार होते. हरणाऱ्याजवळ राहिल्या त्या भिंती.

म्हणून वेलिंग्टनची चित्रे पाहू नयेत असे मी म्हणणार नाही. गोयाचे चित्र तर अवश्य पाहावे. पण आपल्यापैकी ज्यांच्या हातात पेन्सिल आहे, त्यांनी एकदा वही घेऊन गाविलगडावर जावे. बेनीसिंगाचा चेहरा आता सापडणार नाही. तो ज्यासाठी पडला तो दरवाजा मात्र अजून उभा आहे.