खाणीच्या ढिगाऱ्याखाली दुकान मांडण्यापूर्वी

भंडारा जिल्हा बाहेरच्या माणसाला तांदूळ, पितळेची भांडी आणि आंधळगावचा कोसा यांमुळे माहीत असतो. पण याच जिल्ह्यात तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या जुन्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गची खाण खुली असून तिथले मँगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या सेलसाठी वापरले जाते. खाण कुठलीही असो, मँगनीजची की कोळशाची, तिच्या मागोमाग टिप्पर येतात आणि टिप्परच्या मागोमाग पंक्चरवाला, वेल्डिंगवाला, चहाची टपरी, शिलाईचे दुकान. डंपच्या पायथ्याची जागा स्वस्तात मिळते, म्हणून आपले बरेच कारागीर तिथेच शेड टाकतात. जागा स्वस्त का आहे, हे मात्र कोणी विचारत नाही.

खनिजापर्यंत पोहोचण्यासाठी वरची माती, मुरूम आणि दगड काढून बाजूला टाकावा लागतो. कोळसा खाणीतले कामगार त्याला ओबी म्हणतात. टिप्परने माल वरून ओतला की तो घरंगळत जाऊन एका ठरावीक उतारावर थांबतो. सुट्या दगडी मालासाठी हा उतार साधारण ३५ ते ३७ अंशांचा असतो. (आम्ही भूमिती उर्दूतून शिकलो, तिथे कोनाला जाविया म्हणत. कंपासपेटीतला तोच कोनमापक इथे कामाला येतो.) धान्याच्या दुकानात तांदळाची रास पाहिली असेल, तर यात नवे काही नाही.

आता हिशोब पाहा. ढिगारा खाली ओढणारे एक बळ आणि त्याला धरून ठेवणारे दुसरे. धरणाऱ्या बळाला ओढणाऱ्या बळाने भागले की जो आकडा येतो, त्याला इंजिनियर सुरक्षा गुणांक म्हणतात. आकडा १ म्हणजे नफा नाही, तोटा नाही, पण एक गिऱ्हाईक फिरले की दिवाळे. नुसता ओतून सोडलेला डंप नेमका याच १ वर उभा असतो. उतार कमी केला, म्हणजे १० मीटर उंचीला २० मीटर आडवे अंतर ठेवले, तर कोरड्या दगडी ढिगाऱ्याचा आकडा सुमारे दीडपर्यंत जातो. ही चांगली शिल्लक झाली.

पण हा हिशोब मे महिन्याचा आहे. भंडाऱ्यात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पाणी दगडांमधल्या फटींत साचले की ढिगाऱ्याचे काही ओझे पाणी स्वतःवर घेते, दगड एकमेकांवर दाबून बसत नाहीत आणि त्यांची पकड सुटते. वजन मात्र वाढलेले असते. ढिगारा वरपर्यंत पाण्याने भरला आणि पाणी उताराच्या दिशेने वाहू लागले, तर तो दीडचा आकडा जवळजवळ निम्म्यावर, म्हणजे पाऊणवर येतो. एक दगड हलवलेला नाही, उतार तोच आहे, आणि डंप खाली येतो. आमच्या कपड्याच्या धंद्यात हे वेगळ्या रूपाने दिसते. थानांची थप्पी कोरड्या फरशीवर महिनोन्महिने उभी राहते, पण गोदामाला ओल लागून खालची थाने भिजली की वरची सगळी थप्पी एका रात्रीत कलते.

वेल्समध्ये अॅबरफॅन गावाजवळ हेच घडले. कोळसा खाणीचा सात नंबरचा ढिगारा डोंगरावर झऱ्यांच्या जागी टाकला होता. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी तो चिखल होऊन खाली आला आणि शाळेवर पडला. १४४ माणसे गेली, त्यांत ११६ मुले. आपल्या देशात झारखंडमधील लालमटिया येथे राजमहल कोळसा खाणीत २९ डिसेंबर २०१६ रोजी मलबा कोसळून २३ कामगार दगावले. तो पावसाळा नव्हता, हेही ध्यानात ठेवावे.

म्हणून डंपजवळ जागा घेण्याआधी पहिला प्रश्न असा की ढिगाऱ्याखाली पूर्वी काय होते. धानाची बांधी, बुजवलेली बोडी, जुना नाला असेल तर खाली चिकणमाती आणि ओल आहे. हे कागदावर सापडणार नाही. गावातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारावे, तो हाताने दाखवील. मग उतार पाहावा. कोळसा खाणींच्या २०१७ च्या नियमावलीत ढिगाऱ्याचा उतार ३७ अंशांपेक्षा जास्त नको, ३० मीटरपेक्षा उंच ढिगाऱ्याला पायऱ्या हव्यात आणि एकूण उतार एकास दीडपेक्षा खडा नको, असे सांगितले आहे. धातूंच्या खाणींचे नियम वेगळे आहेत, पण दुरून अंदाज घ्यायला हे माप कुठेही चालते.

नियमातला एकास दीडचा उतार घेतला तरी कोरड्या ढिगाऱ्याचा आकडा जेमतेम १.१ च्या वर जातो, आणि आत पाणी साचले की तेवढीही शिल्लक राहत नाही. त्यामुळे खरी परीक्षा पाण्याच्या वाटेची. चांगल्या डंपच्या माथ्यावर पाणी कडेकडे न येता आतल्या बाजूला वळते आणि तिथून नालीत जाते. वरच्या अंगाने येणारे रानातले पाणी अडवून फिरवणारी चर असते. पायथ्याशी दगडी भिंत असली तर तिला पाणी निघण्यासाठी भोके हवीत. बिनभोकाची भिंत दिसायला मजबूत असते, पण ती ढिगाऱ्यात पाणी कोंडून ठेवते. नाली आहे एवढ्यावर समाधान मानू नये. मृग लागण्यापूर्वी तिच्यातला गाळ काढला आहे का, ते पाहावे. गाळाने भरलेली नाली म्हणजे फाटका खिसा.

पायथ्यातून स्वच्छ पाणी झिरपत असेल तर ठीक. कालपर्यंत स्वच्छ असलेले पाणी आज गढूळ आले, तर आतली बारीक माती वाहून जात आहे. माथ्यावर कडेला समांतर भेग, पायथ्याशी जमीन फुगणे, कुंपणाचे खांब किंवा झाडे कलणे यांपैकी एक जरी दिसले, तर सामान आवरत बसू नये, माणसे आधी काढावीत. भेग पाहायला वर चढणे तर अजिबात नको. ते काम खाणीच्या माणसांचे आहे.

तोंडी तक्रार हवेत विरते. खाण व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्यावा, एक प्रत तहसीलदाराला आणि एक नागपूरच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या कार्यालयाला पाठवावी. अर्जात तारीख, जागा आणि भेगेची किंवा गढूळ पाण्याची नेमकी खूण लिहावी. सुरक्षित अंतरावरून काढलेला फोटो जोडावा आणि पोच घेऊन ती दुकानाच्या खातेवहीतच ठेवावी.