भागाकारातला खालचा आकडा

सकाळी ७.४५. रजिस्टर घेऊन आयसीयूत शिरते. रात्रपाळीच्या सिस्टर निघण्याआधी मोजणी व्हायला हवी, आणि ती रोज याच वेळी. सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, किती जणांना, लघवीची नळी किती जणांना, व्हेंटिलेटरवर किती. एकाच पेशंटला दोन लाइन असल्या तरी दिवस एकच धरायचा. आज पेशंट बारा, लाइन सात. महिनाभर अशी बेरीज केली की लाइन-दिवस मिळतात. लाइनमुळे रक्तात झालेला जंतुसंसर्ग दर १,००० लाइन-दिवसांमागे सांगायचा असतो. हा खालचा आकडा चुकला की वरच्याला अर्थ राहत नाही.

"सातव्या कॉटची लाइन अजून कशाला ठेवलीय?"

"मॅडम, राउंडला सर आले की विचारते."

९.३०. मायक्रोबायॉलॉजीचा फोन. अकराव्या कॉटच्या ब्लड कल्चरमध्ये जंतू वाढलेत. हा पेशंट काल दुपारी तालुक्याच्या एका रुग्णालयातून लाइनसकटच आला, येतानाच तापाने फणफणलेला. नियमाप्रमाणे हा संसर्ग आमच्या खात्यात येत नाही. पाठवणाऱ्यांना कळायला हवं म्हणून तिथल्या सिस्टरना फोन लावला.

"ताई, आमच्याकडं कल्चरची सोयच नाही. ताप आला की इंजेक्शन बदलतात."

म्हणजे त्यांच्या कागदावर शून्य. तपासून आलेलं शून्य आणि न तपासता आलेलं शून्य कागदावर एकसारखंच दिसतं, याची मला खरोखर भीती वाटते. त्या बाईंचा यात काही दोष नाही. नमुना कसा पाठवायचा ते सांगितलं, आमच्या लॅबचा नंबर दिला.

१२.००. नव्या सिस्टरांचा वर्ग. व्हिएन्नाच्या दोन प्रसूती विभागांची गोष्ट मी दरवेळी सांगते. बायकांची भरती दोन्हीकडे दिवसाआड व्हायची, म्हणून तुलना न्याय्य होती. विद्यार्थी डॉक्टरांच्या विभागात सुईणींच्या विभागापेक्षा कितीतरी जास्त बाळंतिणी दगावत. शवविच्छेदन करून आलेले हात १८४७ मध्ये तिथल्या डॉक्टर सेमेलवाइसने क्लोरीनच्या पाण्यात धुवायला लावले आणि मृत्यू घटले.

२.३०. सिझेरियन झालेल्यांना फोन. टाक्यांवर ३० दिवस लक्ष ठेवायचं. नऊ जणींचं बरं आहे. दहावी म्हणाली, "पाणी येतंय ताई, इथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात." तिला उद्याच बोलावलं. टाके पाहून निकषात बसलं तर आमचा आकडा एकाने वाढेल. फोनच केला नसता तर वाढला नसता. तरी हा फोन करणं सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

४.३०. कार्यालयाला तक्ता हवाय: आम्ही आणि आमच्याच संस्थेचं छोटं रुग्णालय, शेजारी शेजारी. आमचे २ संसर्ग, २१० लाइन-दिवस, हजारी ९.५. त्यांचा १, दिवस ४०, हजारी २५. एका पेशंटवरून त्यांना वाईट कसं ठरवायचं? अमेरिकेत सीडीसी ही सरकारी रोगनियंत्रण संस्था अशा वॉर्डात किती संसर्ग अपेक्षित होते ते आधी काढते आणि झालेल्या संसर्गांना त्याने भागते. अपेक्षित आकडा १ पेक्षा कमी असेल तर गुणोत्तर काढतच नाही. कार्यालयातल्या साहेबांना म्हटलं, वर्षभराचं एकत्र करू, आणि किती कल्चर पाठवली तो रकाना शेजारी असल्याशिवाय तक्ता लावू नका.

"रकाना घाला," म्हणाले.

५.२०. घरी निघताना आयसीयूत डोकावले. सातव्या कॉटची लाइन काढली होती.