नऊ तासांचे अंतर

घरात मयत झाले आणि मुलगा लंडनला असला, की अंगणात जमलेल्या मंडळींपुढे पहिला प्रश्न उभा राहतो : मुलासाठी थांबावयाचे, तर किती? कोणी जाणता माणूस म्हणतो, "अहो, विमान नऊ तासांत येते. उद्या सकाळी मुलगा दारात!" हा हिशेब चुकला, म्हणजे वडिलांचे अखेरचे दर्शन न झाल्याचे दुःख मुलाला जन्मभर पुरते. म्हणून तो एकदा नीट मांडून पाहू.

मुंबई ते लंडन हे अंतर सरळ रेषेने सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. आगबोटीच्या काळात सुएझमार्गे या प्रवासास दोनतीन आठवडे लागत. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून निघाले, तेही कैरो व जिनिव्हा येथे थांबून लंडनला गेले. आजची थेट विमाने वाटेत कोठेही न उतरता हा पल्ला गाठतात.

परंतु जाण्याचा व येण्याचा वेळ सारखा नसतो. दहाबारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ते लंडनहून येणाऱ्या विमानास मागून रेटा देतात, जाणाऱ्यास समोरून अडवितात. त्यामुळे येण्यास नऊ तासांच्या आसपास, तर जाण्यास सुमारे दहा तास लागतात.

दुसरा घोटाळा घड्याळाचा. लंडनचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते. हिवाळ्यात सोमवारी रात्री नऊला तेथून निघालेले विमान नऊ तास उडाले, तरी मुंबईस मंगळवारी सकाळी साडेअकरालाच उतरते.

शिवाय हे नऊ तास केवळ आकाशातले. तिकीट मिळाले पाहिजे, विमानतळावर तीन तास आधी पोहोचले पाहिजे, उतरल्यावर पारपत्र व सामान यांची तपासणी आहेच. पुढे मुंबई ते बेळगाव रस्त्याने सुमारे पाचशे किलोमीटर. त्यालाही नऊदहा तास! सात हजार किलोमीटरांना जेवढा वेळ, तेवढाच या पाचशेंना. सोमवारी सकाळी निरोप गेला आणि सारे सुरळीत जमले, तरी मुलगा मंगळवारी मध्यरात्रीच्या सुमारास गावी येईल. म्हणजे दफनविधी बुधवारी सकाळी.

तेव्हा वाचकहो, असा प्रसंग आल्यास मुलाला एकच गोष्ट विचारावी : "बाळा, आपल्या इकडच्या वेळेने तू मुंबईस किती वाजता उतरणार?" ते कळल्यावरच फादरांशी बोलून मिस्साची वेळ ठरवावी आणि तोवर पार्थिव देह शवागारात ठेवण्याची व्यवस्था करावी. आणि तिकीटच न मिळाल्याने तो पोहोचू शकला नाही, तर त्याला बोल लावू नये. दूर देशी एकट्याने रडणे काय असते, हे त्याचे त्यालाच ठाऊक.