उघड्या टपाच्या मोटारीचा सांगाडा

श्टुटगार्टजवळच्या झिंडेलफिंगेन येथील कारखान्यात १९५७ ते १९६३ या काळात डाइम्लर-बेंझ कंपनीने ‘मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल रोडस्टर’ नावाच्या ज्या १,८५८ उघड्या टपाच्या मोटारी घडविल्या, त्यांपैकी एखादी आज विक्रीस निघाली म्हणजे जाहिरातीत तिच्या रंगाचे, कातडी बैठकांचे आणि चकचकीत क्रोमचे वर्णन सविस्तर येते, ‘संपूर्ण जीर्णोद्धार’ हे शब्दही ठळक असतात. परंतु ज्यावर त्या मोटारीची योग्यता खरोखर अवलंबून आहे तो पोलादी नळ्यांचा सांगाडा पत्र्याखाली दडलेला असल्यामुळे त्याविषयी विक्रेता बहुधा मौन पाळतो. गिऱ्हाइकाने खातरजमा करावयाची ती नेमकी तेथेच.

मोटारीचे छप्पर काढून टाकणे ही दिसावयास किरकोळ, पण यंत्रशास्त्राच्या दृष्टीने फार जोखमीची गोष्ट आहे. खड्ड्यातून जाताना पुढचे डावे चाक खाली गेले आणि मागचे डावे वर राहिले, की सगळ्या गाडीला पीळ पडतो; आणि पीळ सोसण्याचे सामर्थ्य धातूच्या वजनापेक्षा तो धातू चोहोबाजूंनी बंद आहे की नाही यावर अधिक अवलंबून असते. काड्यापेटीचा आतला कप्पा बाहेर काढून हातात पिळून पाहिला, तर तो किती सहज वाकडा होतो हे कोणासही दिसेल. गणिताचा हिशेब याहून कठोर आहे: १०० मिलिमीटर व्यासाची आणि २ मिलिमीटर जाड पत्र्याची नळी घेऊन तिला लांबीच्या दिशेने केवळ एक चीर पाडली, तर धातूचा कणही कमी न होता पिळास होणारा तिचा विरोध सुमारे १,८७५ पटींनी घटतो.

रोडस्टरच्या निर्मात्यांना या संकटातून बरीचशी मोकळीक मिळाली, त्याचे श्रेय रुडोल्फ उलेनहाउट या अभियंत्याकडे जाते. १९५२ च्या शर्यतींसाठी त्याने बारीक, सरळ नळ्या त्रिकोणांत जोडून असा सांगाडा रचला होता, की प्रत्येक नळीवर केवळ ओढ किंवा दाब यावा आणि तिला वाकण्याचा प्रसंगच येऊ नये. छपराचा आधार त्याने मुळी गृहीतच धरला नव्हता. मात्र ही त्रिकोणांची जाळी दोन्ही बगलांना बरीच उंच असल्यामुळे नेहमीच्या दरवाजांना जागा उरली नाही, आणि याच ३०० एसएल मालिकेतील १९५४ च्या बंद मोटारीचे दरवाजे छपराला बिजागऱ्या लावून पंखांसारखे वर उघडावे लागले. लोक ज्याला सौंदर्य म्हणून वाखाणतात ते, माझ्या मते, निरुपायाचे अपत्य होते. रोडस्टरला छप्परच नसल्याने हाही उपाय खुंटला. तेव्हा बगलांची उंची कमी करून, नळ्यांची मांडणी बदलून आणि वजनात वाढ पत्करून नवा सांगाडा करावा लागला.

आता, नळी बंद असते म्हणूनच ती बळकट, आणि बंद असते म्हणूनच तिच्या अंतरंगातील गंज दृष्टीस पडत नाही. हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर पसरलेल्या मिठाचे पाणी एखाद्या फटीतून आत शिरले, की लोखंड, प्राणवायू आणि ओलावा यांचा व्यवहार सुरू होतो. मीठ स्वतः त्यात खर्ची पडत नाही, ते पाण्याची विद्युत्वाहकता वाढवून त्या व्यवहाराला गती देते. बाहेरून उत्तम रंग दिलेली नळी आतून कागदासारखी झालेली असू शकते. यावर श्राव्यातीत ध्वनीची परीक्षा उपयोगी पडते: पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगाने जातो, म्हणून एक मिलिमीटर जाडीच्या धातूतून जाऊन परत येण्यास त्याला सेकंदाच्या दशलक्षांश भागाचा जेमतेम एक तृतीयांश वेळ लागतो, त्याहून लवकर प्रतिध्वनी आला, तर तितका धातू नाहीसा झाला असे समजावे. बॉनेट, दरवाजे आणि डिकीचे झाकण ॲल्युमिनियमचे असल्याने पोलादाशी त्यांचा जेथे संबंध येतो तेथे ओलाव्यात त्यांचीच झीज अगोदर होते, तेही पाहून घ्यावे.

इंजिनाची तऱ्हा निराळी आहे. डाइम्लर-बेंझच्या विमानांच्या इंजिनांत सिद्ध झालेली, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारण्याची पद्धत या मालिकेने चार धावांच्या पेट्रोल इंजिनाच्या विक्रीच्या मोटारीत प्रथम आणली. बाष्पीभवन आतच होऊन आतली हवा थंडावते, त्यामुळे दाब अधिक देता येतो. तीन लिटरच्या इंजिनातून २१५ अश्वशक्ती मिळाली ती या व्यवस्थेच्या साहाय्याने. परंतु पंप इंजिनाच्याच गतीने चालत असल्याने ठिणगी बंद केल्यावरही इंजिन थांबेपर्यंत फवारा सुरूच राहतो, आणि न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन खाली उतरते. प्रदर्शनापुरती चार पावले चालविलेली गाडी म्हणूनच रोज दामटलेल्या गाडीपेक्षा अधिक संशयास्पद. तिच्या तेलाला पेट्रोलचा वास येतो का, हे पाहण्यात कसला संकोच?

शेवटी दप्तराची बाब. कारखाना प्रत्येक गाडीचे एक नोंदपत्र ठेवीत असे. त्यात सांगाड्याचा, इंजिनाचा आणि बॉडीचा क्रमांक तसेच मूळ रंग लिहिलेला असे. त्याच्याशी धातूवर ठोकलेले आकडे ताडून पाहावेत. १९६१ पासून रोडस्टरला डिस्क ब्रेक मिळाले. जुन्या गाडीला ते मागाहून बसविलेले आढळले तर मी ते सुरक्षिततेखातर क्षम्य मानीन. इंजिनाचा बिडाचा ठोकळा मात्र १९६२ मध्ये बदलून ॲल्युमिनियमचा झाला, आणि बीड लोहचुंबकाला चिकटते, ॲल्युमिनियम चिकटत नाही. तेव्हा १९५८ ची म्हणून मांडलेल्या गाडीच्या ठोकळ्यावर चुंबक धरावा, आणि तो घसरून पडला तर ‘मूळ इंजिन’ या शब्दांचा दाखला विक्रेत्याकडे मागावा.