मेंदूविज्ञानाचे विनामूल्य पाठ : पारख कशी करावी?

मावळ हा भाताचा मुलूख. वडिवळ्याच्या बाजूस कोणी तांदूळ घेऊ लागला, तर तो आधी मूठभर हातावर घेतो, चोळतो, वास घेतो आणि मगच भाव विचारतो. विद्येच्या बाबतीत मात्र ही सावधगिरी आपण सोडून देतो. आणि विद्या फुकट मिळत असली म्हणजे तर पारख करण्याची गरजच कोणाला वाटत नाही.

आज अशी विद्या पुष्कळ आहे. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेने आपले अभ्यासक्रम सर्वांस खुले करण्याची घोषणा २००१ साली केली. आपल्याकडे आय. आय. टी. संस्था आणि बंगळूरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स यांनी २००३ मध्ये ‘एनपीटेल’ हा उपक्रम आरंभिला. २०१७ साली ‘स्वयम्’ आले. मानवी मेंदूवर नॅन्सी कॅनविशर यांनी २०१९ साली एम. आय. टी.त दिलेली व्याख्याने वडिवळ्यातल्या मुलीला घरी बसून ऐकता येतात. पैसे पडत नाहीत हे खरे. पण सहा महिन्यांच्या संध्याकाळी खर्ची पडतात, आणि पाया चुकीचा घातला गेला तर तो उकरून काढण्यास आणखी काळ लागतो. म्हणून निवड आधी करावी. त्यासाठी तीन कसोट्या आम्ही सुचवितो.

पहिली कसोटी आकड्याची. मेंदूत मज्जापेशी किती? ‘शंभर अब्ज’ हा आकडा वर्षानुवर्षे पुस्तकांतून उतरत आला. २००९ साली ब्राझीलमधील संशोधकांनी चार पुरुषांचे मेंदू तपासले. मेंदूचा ऊतक विरघळवून त्याचे एकजीव द्रावण केले आणि त्यातील पेशीकेंद्रे मोजली. सरासरी सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी भरल्या, त्यांतील सुमारे ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत. मज्जापेशींच्या दसपट असतात असे ज्यांविषयी सांगत, त्या इतर पेशीही जवळजवळ तितक्याच निघाल्या. जो पाठ नुसता आकडा सांगतो तो साधारण. तो कसा मिळाला, किती मेंदूंवरून मिळाला, हेही जो सांगतो तो चांगला.

दुसरी कसोटी वादाची. प्रौढ माणसाच्या मेंदूत, स्मृतीशी निगडित अशा हिप्पोकॅम्पस या भागात, नव्या मज्जापेशी जन्मतात काय? २०१८ सालच्या मार्चमध्ये एका गटाने ‘आढळत नाहीत’ असे प्रसिद्ध केले; एप्रिलमध्ये दुसऱ्याने ‘म्हातारपणीही जन्मतात’ असे लिहिले. उत्तम शिक्षक दोन्ही बाजू मांडतो. वादच लपविणारा पाठ ऐकण्यास सोपा वाटतो, पण तो विज्ञान शिकवीत नाही. पाठ २०१८ पूर्वीचा असेल तर त्यात हे सापडणार नाही. यासाठीच पाठाचे साल प्रथम पाहावे.

तिसरी कसोटी सरावाची. सोबत टिपणे, प्रश्न आणि उत्तरे आहेत काय? रसायनशास्त्राचे किती ज्ञान गृहीत धरले आहे, ते आरंभी सांगितले आहे काय? नुसती ऐकलेली व्याख्याने समजल्याचा भास निर्माण करतात. प्रश्न सोडवू लागले की तो भास ओसरतो. प्रमाणपत्राचेही आधीच विचारून घ्यावे. एम. आय. टी.च्या खुल्या पाठांना ते नाही. एनपीटेलचे हवे असल्यास शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते.

एक गोष्ट सहसा कोणी पाहत नाही, ती परवान्याची. एम. आय. टी.च्या बहुतेक पाठ्यसामग्रीचे, मूळ श्रेय देऊन, नफ्याचा हेतू न ठेवता आणि त्याच अटींवर, भाषांतर करता येते. म्हणजे चार जणांनी मनावर घेतले तर ती टिपणे मराठीतही येऊ शकतील.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सारी शिते एकाच पाण्यात शिजलेली असतात. पाठमालेचे तसे नसते. पहिले व्याख्यान रंगतदार आणि दहावे पोकळ, असेही घडते. म्हणून आरंभीचा, मधला आणि शेवटचा असे तीन पाठ चाखून पाहावेत. एक रविवार त्यात जाईल. पण सहा महिने वाचतील.