जुना संगणक : कोणता भाग बदलावा?

भिंगारजवळच अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय आहे. ते १९९४ साली उघडण्यात आले. तेथे मुलांची सहल नेणाऱ्या शिक्षकाने एक गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. भारतीय लष्कराच्या टी-५५ रणगाड्यांची मूळची तोफ १०० मिलिमीटरची होती. पुढे अनेक रणगाड्यांवर तिच्या जागी १०५ मिलिमीटरची तोफ बसविण्यात आली. गाडा तोच राहिला. जो भाग कमी पडत होता तो बदलला. जुन्या संगणकाचा विचारही याच रीतीने करावयाचा असतो.

खेळांकरिता हौसेने जोडून घेतलेला संगणक सात-आठ वर्षांत मागे पडू लागतो. मुलगा नव्या ग्राफिक्स कार्डाचा हट्ट धरतो आणि पालक सल्ला विचारण्यास शिक्षकाकडे येतात. शाळेतील जुन्या संगणकापुढेही हाच प्रश्न उभा असतो. दोन्हीकडे पैसा मोजकाच. भाग चुकीचा घेतला, तर पैसाही जातो आणि संगणकही मंदच राहतो.

प्रथम प्रत्येक भागाचे काम ध्यानात घ्यावे. प्रोसेसर आकडेमोड करतो. रॅम म्हणजे चालू कामाचे कागद पसरण्याचे टेबल, तर हार्ड डिस्क म्हणजे दप्तर ठेवण्याचे कपाट. ग्राफिक्स कार्ड पडद्यावरील चित्र रेखाटते. पॉवर सप्लाय सर्वांना वीज पुरवितो आणि मदरबोर्ड सर्वांस एकत्र जोडतो. जोडीतील एक बैल थकला की दुसरा कितीही तगडा असला तरी गाडी थकलेल्याच्याच चालीने चालते. संगणकाचेही तसेच आहे. म्हणून खरेदीपूर्वी थकलेला बैल कोणता, ते ओळखावे.

त्यासाठी अनुमानाची गरज नाही. विंडोज असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या असता टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीचे काम चालू ठेवून त्यातील आकडे पहावेत. रॅम सतत भरलेली दिसल्यास रॅम वाढवावी. साधे काम करतानाही हार्ड डिस्क वारंवार शंभर टक्क्यांवर जात असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवावी. हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवरून माहिती शोधावी लागते; एसएसडीत फिरणारा भाग नसल्याने तो वेळ वाचतो. शाळेच्या जुन्या संगणकाला बहुधा याच बदलाचा सर्वाधिक लाभ होतो.

खेळ अडखळत असेल, तर आणखी एक परीक्षा घ्यावी. खेळाच्या मांडणीत चित्राचे रिझोल्यूशन कमी करून पहावे. तसे करताच खेळ सुरळीत चालला, तर भार ग्राफिक्स कार्डावर आहे असे समजावे. काहीच फरक पडला नाही, तर दोष बहुधा प्रोसेसरकडे असतो. अशा वेळी महाग कार्ड घेऊनही उपयोग होत नाही. तत्पूर्वी पंख्यांवरील धूळ अवश्य काढावी. उष्णता वाढली की प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो, आणि हा दोष विनाखर्च दूर होतो.

भाग निवडल्यावर तो बसेल काय, हे पहावे. डीडीआर-३ च्या जागी डीडीआर-४ रॅम बसत नाही. दोहोंच्या खाचा निराळ्या असतात. मोठ्या ग्राफिक्स कार्डाला मदरबोर्डावरील खाचेतून मिळणारी ७५ वॅट वीज पुरत नाही, म्हणून पॉवर सप्लायची क्षमता आधी तपासावी. नवा प्रोसेसर घ्यावयाचा झाल्यास पुष्कळदा मदरबोर्ड व रॅमही बदलावी लागते. येथे थांबून बेरीज करावी. ती नव्या संगणकाच्या किमतीजवळ पोहोचत असेल, तर जुन्यावर खर्च न करणे हेच शहाणपणाचे.

विंडोज १० ची सर्वसाधारण मोफत सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि २०१७ पूर्वी निघालेले प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत सामान्यतः बसत नाहीत. रॅम किंवा एसएसडी बदलल्याने ही अडचण सुटत नाही. मात्र असा संगणक लगेच मोडीत काढण्याचेही कारण नाही; त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली घालून लेखन, वाचन व चित्रकलेसाठी तो वापरता येतो.

कोणताही भाग उघडण्यापूर्वी वीज बंद करून वायर काढावी. डिस्क बदलण्याआधी निकालपत्रके व इतर दप्तराची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. भाग पुन्हा विकत मिळतो; पुसलेले दप्तर मिळत नाही.

वरील परीक्षा शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांसमोरच करून दाखवावी. आकडे मुलांनीच फळ्यावर लिहावेत आणि कोणता भाग बदलावा ते त्यांनीच सांगावे. हट्टाऐवजी पुराव्यावरून निर्णय करण्याची सवय त्यांना लागली, तर जुन्या संगणकाने नव्याहून अधिक शिकविले असे होईल.