करार लेखी, जोखीम मर्यादित

माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात स्वतंत्रपणे सेवा देणारा व्यावसायिक पुष्कळदा एकल मालकीने काम करतो. कायद्याच्या दृष्टीने तो आणि त्याचा व्यवसाय वेगळे नसतात. समजा, रु. २५,००० च्या कामातील एका चुकीने व्यापाऱ्याचे संगणकीय हिशेब पुसले गेले, तर भरपाईची झळ त्याच्या वैयक्तिक बचतीलाही लागू शकते.

कायदा काय सांगतो?

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ नुसार करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवणारी, किंवा करारसमयी उभय पक्षांना संभाव्य म्हणून ज्ञात असलेली हानी भरून द्यावी लागते; दूरान्वयाची वा अप्रत्यक्ष हानी नव्हे. तथापि, ‘स्वाभाविक’ कशास म्हणावे, हाच वादाचा विषय ठरतो. म्हणून भरपाईची कमाल मर्यादा, उदाहरणार्थ कामाच्या मोबदल्याइतकी, करारातच नमूद करणे हिताचे. कामाची व्याप्ती, स्वीकृतीचे निकष आणि बॅकअप ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हेही स्पष्ट लिहावे.

आणखी दोन उपाय

मर्यादित दायित्व भागीदारी कायदा, २००८ अन्वये संस्था स्थापन करता येते. मात्र भागीदाराने स्वतः केलेल्या गैरकृत्याचे वा कसुरीचे दायित्व त्याने टळत नाही. ती उणीव व्यावसायिक दायित्व विमा काही अंशी भरून काढतो. हेतुपुरस्सर कृत्यांना सहसा त्याचे संरक्षण नसते, हे ध्यानी ठेवावे.

मसुदा वकिलाच्या नजरेखालून गेल्यावरच स्वाक्षरी करावी आणि काम त्यानंतरच सुरू करावे.